खालची चासी एकच, वरचं खोकं वेगळं – खरं का हे?

डाळिंबवाला (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या घरात पंधरा दिवस झाले एकच विषय शिजतोय, म्हणून शेवटी इथं धागा काढला.

राहायला जुळे सोलापूर, रान सांगोला तालुक्यात. सहा एकर डाळिंब. दारात २०१२ ची बोलेरो आहे; तिनं माणसं, खत, कॅरेट, एकदा तर बोकडसुद्धा वाहिलाय. आता तिचं वय झालं. मला जुन्यातली डबल केबिन पिकअप घ्यायचीय, इसुझूची एक व्ही-क्रॉस बघून ठेवलीय. बायको म्हणते स्कॉर्पिओ-एन घ्या, आठवड्यातनं दोनदा ऐंशी किलोमीटर जायचं तर पोरांची हाडं शाबूत राहिली पाहिजेत. आणि आमचे अण्णा (वय ७४, एकेकाळी मेटॅडोर चालवलेले) दोघांनाही येड्यात काढतात. "अरे, दोन्हीची खालची चासी शिडीचीच. एकीवर खोकं बसवलं, दुसरीवर हौदा. स्वस्त मिळेल ती घ्या."

माझं काम सांगतो. बागेपर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे नुसती चाकोरी, मध्ये एक ओढा आणि दोन बांध. तोडणीच्या दिवसांत कॅरेट, एरवी फवारणीची ५०० लिटरची टाकी. नेटवर शोधलं तर 'लॅडर फ्रेम, एकदम दणकट' यापुढं कुणी जात नाही. अण्णांचं म्हणणं कितपत खरं?

हुरडा_पार्टी

अण्णांच्या बाजूनं आपण. शेंगाचटणी एकच की बे, कडक भाकरीवर घे नायतर मऊ भाकरीवर. एवढी चर्चा कशाला करलालाव?

जुनी_फियाट

मी अण्णांच्याच पिढीतला. ते हवेत बोलत नाहीयेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हेच घडलंय. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल ही पिकअप आणली. १९९१ ची सिएरा म्हणजे त्याच पिकअपच्या सांगाड्यावर चढवलेली तीन दारांची गाडी, मागं ती मोठ्ठी वळलेली काच. आमच्या गल्लीत एक होती, उन्हाळ्यात मागं बसणाऱ्याचा पापड व्हायचा. पुढं त्याच वंशात १९९४ ला सुमो आणि १९९८ ला सफारी. टोयोटानंही २००४ पासून आयएमव्ही नावाच्या एकाच प्लॅटफॉर्मवर हायलक्स पिकअप, इनोव्हा आणि फॉर्च्युनर काढल्या.

पण अण्णांना उत्तरही यातच आहे. सुमोला मागं पाटे होते, सफारीला कॉइल स्प्रिंग. हायलक्सला मागं पाटे, फॉर्च्युनरला कॉइल. हायलक्सचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३०८५ मिमी, फॉर्च्युनरचा २७४५. म्हणजे दोन चाकांमध्ये दीड वीत फरक, आणि एकूण लांबीत तर त्याहून जास्त. प्लॅटफॉर्म हे आडनाव समजा.

डाळिंबवाला

काका, वाचून दाखवलं अण्णांना. म्हणाले, "दीड वीत लांब केली म्हणून चासी बदलली होय? दोन फूट पाइप जोडला की झालं."

बलाघूर्ण

अण्णांशी बोलायला मजा येईल. मी अभियांत्रिकीच्या पोरांना हेच शिकवतो, आणि दरवर्षी वर्गात एक प्रयोग करतो. तुम्हीही घरी करा.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून केसिंग-पट्टीचा एक तुकडा आणा, भिंतीवर वायर झाकायला लावतात ती. हातभर लांबी पुरे. झाकण काढा. उरली ती पन्हळ, म्हणजे आपला सी-चॅनेल. दोन्ही टोकं धरून रुमाल पिळतो तशी पिळा. सहज पिळली जाते. आता झाकण दाबून बसवा आणि परत पिळा. थोडी ताठ वाटेल, पण झाकण कडेवरून सरकतं आणि पट्टी पिळतेच. मग झाकणाच्या दोन्ही कडांना पीव्हीसीचा डिंक लावून घट्ट चिकटवा, रात्रभर वाळू द्या. सकाळी पिळून बघा. माझ्या वर्गातल्या पैलवानालाही जमलं नव्हतं.

शिडीच्या चासीत दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर असतात. त्यातल्या लांब दांड्याचं हेच आहे. उदाहरणाला १५० मिमी उंच, ७५ मिमी रुंद, ४ मिमी जाड पत्र्याचा दांडा घ्या. तो तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडा असेल तर पिळाला विरोध करणारा आकडा येतो ६,४०० (एकक मिमीचा चौथा घात). चौथी बाजू वेल्ड करून बंद केली, पेटी झाली, की तोच आकडा ४५ लाख. म्हणजे साधारण ७०० पट! लोखंड मात्र वाढलं फक्त निम्मं. प्रत्यक्ष गाडीत आडवे मेंबर असतात, बॉडी असते, त्यामुळे संपूर्ण गाडीत फरक ७०० पट दिसत नाही, पण बराच दिसतो.

आणि गंमत म्हणजे वाकण्याच्या बाबतीत दोघांत एवढं अंतर नाही. मधोमध वजन ठेवलं तर सी-चॅनेलही बऱ्यापैकी उभा राहतो. म्हणून ट्रकवाले सी-चॅनेल वापरतात. त्यांना ओझं पेलायचंय, पिळाची पर्वा कमी.

माळढोक

सर, वाचनखूण साठवली. पण मग एसयूव्हीला पिळाची पर्वा जास्त का, तेही सांगा. ट्रक काय सपाट रस्त्यावरच जातो का?

बलाघूर्ण

प्रश्न बरोबर आहे. डाळिंबवाल्यांचा बांध घेऊ. गाडी बांधावर तिरकी चढली की पुढचं उजवं चाक वर जातं आणि मागचं डावं वर जातं. चारही चाकं जमिनीला टेकलेली हवी असतील तर गाडीत कुठंतरी काहीतरी पिळलं पाहिजे. ट्रकचे पाटे दहा-दहा टनांसाठी केलेले, रिकाम्या गाडीखाली ते हलत नाहीत. मग चासी पिळते. ती पिळावी अशीच बनवलेली असते, म्हणून सांधे बहुतेक रिव्हेटचे. सगळं कडक वेल्ड केलं तर वेल्डच्या टोकाशी चीर जाते. एसयूव्हीचं उलट. तिचे स्प्रिंग मऊ आणि लांब पल्ल्याचे, चाकाला वर-खाली जायला भरपूर वाव. पिळ स्प्रिंगनं घ्यायचा, चासीनं नाही. चासी ताठ नसेल तर स्प्रिंगला टेकू कशाचा? शिवाय वर काचा, पाच दारं, डॅशबोर्ड. खालचं हललं की वर सगळं करकरतं.

पिकअप या दोघांच्या मधोमध लटकलेली आहे. आजकालच्या अंगानं मोठ्या पिकअपचे दांडेही बऱ्याच अंशी पेटी-सेक्शनचेच असतात. पण सगळ्यांचे नाहीत. टोयोटाचीच अमेरिकेत विकली जाणारी टकोमा घ्या. २०२३ पर्यंतच्या पिढीची चासी पुढं पेटी आणि मागं हौद्याखाली उघडा सी-चॅनेल होती. त्याच काळातली फोररनर एसयूव्ही मात्र पूर्ण पेटी.

हुरडा_पार्टी

आत्ताच बायकोच्या डोक्यावरची केसिंग काढून पिळली. टीव्ही बंद. सर, जबाबदारी तुमची.

ग्रीस_आणि_काजळी

सरांनी हिशोब सांगितला. मी जे हातानं बघितलं ते सांगतो. अक्कलकोट रोडला बत्तीस वर्षं चासी आणि बॉडीचं काम करतोय. लिहायची सवय नाही, पोरगं टाइप करतंय.

एसयूव्ही उचलली की वरचं खोकं एक अखंड असतं. पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत एक पेटी. ती रबरावर बसलेली असते, पण बसलेली असते सगळ्या लांबीवर. म्हणजे वरची पेटीही खालच्या चासीला हातभार लावते. पिकअपला तसं नाही. केबिन वेगळी, हौदा वेगळा, मध्ये फट. केबिन रबरावर, हौदा बऱ्याच गाड्यांत सरळ बोल्टावर. त्या फटीच्या जागी चासीला वरून कुणाचाच आधार नसतो, बिचारी एकटी. माझ्याकडं मोडून आलेल्या पिकअप मोजल्या तर निम्म्याहून जास्त तिथंच किंवा तिथून हातभर मागं, ॲक्सलच्या वर, गेलेल्या असतात. एसयूव्हीची चासी तशी मोडून आलेली मला आठवत नाही. गंजून आलेली आठवते, ठोकून वाकलेली आठवते.

एक गाडी सांगतो, दुष्काळातली. मालक मोहोळकडचा, बाग वाचवायला पिकअपच्या हौद्यात ती पांढरी चौकोनी लोखंडी पिंजऱ्यातली हजार लिटरची टाकी ठेवून दिवसाला सहा खेपा करायचा. टाकीचा नळ मागं पाहिजे म्हणून टाकी अगदी फाळक्याला चिकटवून. माझ्याकडं आला ते चासीसाठी नाही. "पुढचं स्टेअरिंग हलकं झालंय, बघा." मी खाली गेलो. ॲक्सलच्या थोडं पुढं, दांड्याच्या वरच्या पट्टीवर धुळीत एक काळी रेघ. धूळ सगळीकडं कोरडी आणि तेवढीच रेघ ओली. पुसली, डिझेल लावलं, फडक्यानं कोरडं केलं आणि वर खडू घासला. पाच मिनिटं थांबलो. खडूवर केसाएवढी रेघ उमटली, सहा बोटं लांब. चिरेत गेलेलं डिझेल खडूनं वर ओढलं. मालक म्हणाला रंग उडालाय. मी त्याला हौदा आणि केबिनमधली फट दाखवली. खाली एक बोट जात होतं, वर दोन. म्हणजे शेपटी लोंबली होती.

त्याच्या आधी एका गॅरेजनं कधीतरी तिथंच ताडपत्रीची कडी लावायला वरच्या पट्टीला वेल्डिंग मारलं होतं. चीर बरोब्बर त्या वेल्डच्या टोकातनं निघाली होती. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग मारायचं नाही. जे करायचं ते मधल्या उभ्या भागात. हे ट्रकच्या बॉडीवाल्याच्या पोरालाही माहीत असतं.

भीमाकाठ

काजळीमामा, पोराला सांगा छान टाइप केलंय.

मी पंढरपूरकडची. आमचा दुधाचा व्यवसाय, घरात पिकअप आहे आणि ती मीही चालवते. सगळे चासीवर बोलताय, मी पाट्यांवर बोलते. भरलेली पिकअप चालवायला राणी. कॅन भरून निघालं की काय सुंदर बसते रस्त्यावर! आणि रिकामी करून परत निघाले की तीच गाडी नाचते. मागं वजन नाही, पाटे ओझ्याच्या हिशोबाचे, एका खड्ड्यात मागचं चाक हवेत.

दोन वर्षांमागं जूनच्या पहिल्या पावसात मंगळवेढ्याकडून रिकामी येत होते. रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेली काळी माती पसरलेली, वर बारीक पाऊस. वेग पन्नासच्या आत. वळणावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला आणि मागचा भाग शांतपणे माझ्या शेजारून पुढं यायला निघाला. खरंच शेजारून, खिडकीतनं हौद्याची कड दिसली. बाभळीच्या अलीकडं थांबले. गाडीला काही नाही, मला दहा मिनिटं क्लच दाबता येईना. तेव्हापासून पावसाळ्यात रिकाम्या गाडीत ॲक्सलच्या वर, मागं नाही, वाळूची चार पोती असतात. बांधून.

डाळिंबवाले भाऊ, वहिनींचं बरोबर आहे असं माझं मत. तुमची गाडी वर्षातले किती दिवस भरलेली असणार? ते मोजा आधी.

डाळिंबवाला

ताई, मोजले. कॅरेट ओढायचे दिवस पंचवीस-तीस. टाकीचे दिवस अजून वीसेक. बाकी तीनशे दिवस आम्ही चौघं आणि डबा.

माळढोक

रिकाम्या पिकअपबद्दल ताईंना +१. एक भर. पाटा एकाच वेळी दोन नोकऱ्या करतो. ओझं पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. त्याची पुढची कडी आणि मागचं शॅकल (हलती कडी) अशा दोन ठिकाणी वजन चासीवर उतरतं, दोन्हींत चांगलं मीटरभर अंतर. ओझ्याच्या गाडीला हे सोयीचं, कारण वजन पसरतं. हेल्पर पाटा तर ओझं आल्यावरच कामाला लागतो. कॉइल स्प्रिंग मात्र सगळं वजन एका ठिकाणी, ॲक्सलच्या वर, चासीला देते. आणि ती ॲक्सलला धरू शकत नाही, त्यामुळे वेगळ्या दांड्या लागतात, पुढं-मागं धरायला आणि डावं-उजवं धरायला. स्कॉर्पिओ-एनला मागं पाच दांड्या आहेत, डावं-उजवं सांभाळायला वॉट्स लिंकेज. म्हणजे नाव एक 'लॅडर फ्रेम', पण या दोन चाश्यांवर कड्या, ब्रॅकेट, आडवे मेंबर वेगळ्या जागी. अण्णांनी दोन फूट पाइप जोडला तरी पाट्याची चासी कॉइलची होत नाही.

आता ऑफ-रोडचं. डाळिंबवाल्यांच्या ओढ्यात लांबी नडेल. थारचा व्हीलबेस २४५०, पाच दारांच्या जिम्नीचा २५९०, स्कॉर्पिओ-एनचा २७५०, थार रॉक्सचा २८५०, व्ही-क्रॉसचा ३०९५. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बांधाच्या टोकावर पोट टेकायची भीती जास्त. आणि पिकअपला मागं शेपूट, ओढ्यातून वर चढताना फाळक्याखालचा बंपर मातीत रुततो. उलट, लांब गाडी सरळ चढावर अंगानं शांत असते, थारसारखी उड्या मारत नाही. माझी थार आहे, तरी हे कबूल करतो.

जिम्नीच्या चासीत मधोमध इंग्रजी एक्सच्या आकाराचा मेंबर घातलाय, तो कधीतरी खाली झोपून बघा. लांब दांडे न जाडवता पिळ रोखायचा किती साधा मार्ग! जिप्सीला तो नव्हता.

सात_रस्ता

एवढ्या सगळ्यात मूळ मुद्दा राहिला. आता चासीच जुनी झाली. मोनोकॉक घ्या आणि मोकळे व्हा. एक्सयूव्ही, हॅरियर, कंपास, सगळ्या बिनचासीच्या. पळतात की.

हुरडा_पार्टी

बिनचासीची गाडी म्हणजे बिनकण्याचा माणूस. राजकारणात चालतो, रानात नाही.

सात_रस्ता

२०२० ची लँड रोव्हर डिफेंडर मोनोकॉक आहे. तिला रानात कोण अडवतंय?

बलाघूर्ण

दोघंही बरोबर. मोनोकॉकमध्ये चासी नसते असं नाही. पत्रा, मजला, खांब, छत सगळं मिळून चासी. केसिंग-पट्टी आठवा, अख्खी गाडीच एक चिकटवलेली पेटी. त्यामुळे वजनाच्या मानानं ती ताठही जास्त. महिंद्रानं २०११ साली एक्सयूव्ही ५०० पासून तो रस्ता धरला, टाटांच्या नव्या सफारीनंही जुन्या सफारीची चासी सोडली. पण पेटीला मागून अर्धं कापून हौदा करायचा म्हटलं की पेटीच संपली. म्हणून मोनोकॉक पिकअप जगात थोड्याच, होंडाची रिजलाइन वगैरे. आणि ओझ्याच्या गाडीवर आज हौदा, उद्या टाकी, परवा पिंजरा लागतो. शिडीच्या चासीवर ते बोल्टनं बदलता येतं. शिवाय मोहोळच्या गाडीसारखी मोनोकॉकला चीर गेली तर काजळीमामा तरी काय करणार?

ग्रीस_आणि_काजळी

हात जोडणार.

जुनी_फियाट

अवांतर: काजळीसाहेब, त्या मोहोळच्या गाडीचं पुढं काय झालं? तुम्ही गोष्ट अर्ध्यात सोडलीत.

ग्रीस_आणि_काजळी

आतून जोडपट्टी लावली. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग चीर घासून भरली. जोडपट्टी चौकोनी कापायची नाही, टोकं निमुळती कापायची, पतंगासारखी. चौकोनी टोक असलं की उद्या चीर त्या टोकापासून. उभ्या भागात बोल्ट. मालकाला सांगितलं टाकी पुढं सरकव, नळाला पाइप जोड. तो म्हणाला बरं. आठ महिन्यांनी परत आला, दुसऱ्या बाजूचा दांडा. टाकी फाळक्यालाच.

डाळिंबवाला

हे वाचून घाम फुटला. माझी टाकी ५०० लिटरची आहे आणि डबल केबिनचा हौदा छोटा. टाकी ठेवायची कुठं?

बलाघूर्ण

धाग्यातला खरा प्रश्न हा आहे. डबल केबिनमध्ये माणसांची दुसरी रांग बसवली की हौदा मागं ढकलला जातो. हौद्याचा मध्य जवळजवळ मागच्या ॲक्सलवर, कधी त्याच्याही मागं येतो. बोलेरो पिकअपसारख्या सिंगल केबिन गाडीत हौदा लांब आणि त्याचा बराच भाग ॲक्सलच्या पुढं.

हिशोब करा. व्हीलबेस ३.०९५ मीटर. भरलेली टाकी ५०० किलो. फाळक्याजवळ ठेवली, मध्य ॲक्सलच्या ६० सेंमी मागं. ५०० गुणिले ०.६ भागिले ३.०९५ म्हणजे ९७. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. मागच्या चाकांवर ५०० नाही, ५९७ किलो येतात. तीच टाकी ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढं असती तर पुढच्या चाकांवर ८१ किलो वाढले असते आणि मागं फक्त ४१९. टाकी तीच, पाणी तेवढंच. मोहोळच्या मालकाचं स्टेअरिंग हलकं का झालं ते यात आलं. आणि हे उभ्या गाडीचं गणित. खड्ड्यात आपटली की याच्या दुप्पट-तिप्पट धरा. पाणी हिंदकळतं ते वेगळंच.

कॅरेटचं तसंच. एक कॅरेट वीस किलो धरलं तर चाळीस कॅरेट म्हणजे आठशे किलो. घ्यायच्या आधी गाडीच्या कागदांवर भरलेलं आणि रिकामं वजन बघा, वजाबाकी करा, त्यातून बसणाऱ्या माणसांचं वजन काढा. उरेल तेवढंच हौद्याचं. डबल केबिन गाडी दिसायला रेड्यासारखी असते, पण तिच्याहून लहान दिसणाऱ्या बोलेरो पिकअपच्या एका मॉडेलच्या नावातच १.७ टन लिहिलेलं असतं.

भीमाकाठ

आणि स्कॉर्पिओच्या मागं सीट काढून कॅरेट भरायचा विचार असेल तर तोही करू नका. आमच्या दिरांनी केला होता. कॉइल बसल्या, गाडी ससा बसतो तशी, पुढचे दिवे झाडाच्या शेंड्यावर.

सात_रस्ता

एसयूव्ही कापून मागं हौदा करून देणारेही आहेत आपल्याकडं. फोटो बघितलेत, झकास दिसते.

बलाघूर्ण

झकास दिसते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेत बदल चालणार नाही असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवा. वर मामांनी सांगितलं की अखंड खोकं चासीला हातभार लावतं. ते अर्धं कापलं की खालचे दांडे त्या कामासाठी बनवलेलेच नाहीत.

हुरडा_पार्टी

डाळिंबवाले गप्प का? गाडी बघायला गेला काय?

डाळिंबवाला

गेलो होतो, रविवारी. अण्णांना घेऊन.

गाडी विजापूर रोडला एका ओळखीच्या ओळखीकडं. बाहेरून चकचकीत. हौद्यात नवीन रबरी मॅट, टायर नवे, आत अत्तराचा वास. विकणारा म्हणाला, "माल कधी वाहिलाच नाही, मालक शौकीन." अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून सावलीत उभे राहिले. मी मामांनी सांगितल्याप्रमाणं फटीत बोट घातलं. डाव्या बाजूला खाली एक बोट, वर दीड. उजवीकडं जवळजवळ सारखं. विकणारा म्हणाला कंपनीतनंच तसं येतं.

मी खाली वाकायच्या आत अण्णांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला, बनियनवर पोत्यावर आडवे झाले आणि सरपटत खाली गेले. ७४ वय. आतनं फक्त आवाज: "बॅटरी दे." मग बराच वेळ काही नाही. मग "खिळा हाय का एखादा?" किल्ली दिली. खरवडल्याचा आवाज आला. चासीला सगळीकडं काळं कोटिंग मारलेलं होतं. डाव्या दांड्यावर ॲक्सलच्या पुढं कोटिंग जास्तच जाड. खरवडल्यावर आत वेल्डची गाठ. वरच्या पट्टीवर आडवी. जोडपट्टी चौकोनी.

अण्णा बाहेर आले, अंगावरची माती झटकली, विकणाऱ्याला म्हणाले, "मालक शौकीन होता, पण कशाचा ते विचारा." मला म्हणाले, "चल."

परत येताना सात रस्त्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या मेटॅडोरला असली फट नव्हती."

सध्याचा निर्णय असा. जुनी बोलेरो टाकीसाठी रानातच ठेवायची, पण टाकी २०० लिटरची. कॅरेटला तोडणीच्या दिवसांत गावातलीच सिंगल केबिन पिकअप भाड्यानं. आणि घरासाठी स्कॉर्पिओ-एन, चालवून बघायला पुढच्या आठवड्यात जातोय. बायको जिंकली असं तिला अजून सांगितलेलं नाही.

भीमाकाठ

वहिनी इथं वाचत असतील की हो.

डाळिंबवाला

वाचत होती. आत्ताच चहा न देता गेली.

ग्रीस_आणि_काजळी

अण्णांना आमच्याकडं पाठवा. खाली सरपटणारी पोरं मिळत नाहीत आजकाल.